नळी मोडली तर? घोड्याच्या पायाच्या हाडांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीचशी पत्रं घोड्यांच्या मोडलेल्या पायांबद्दल आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. औषधांची मात्रा दिली आहे ती डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावी म्हणून. घोड्याच्या शिरेत स्वतः सुई घालण्यासाठी नव्हे.

प्रश्न (माथेरान): आमचे घोडे दगडधोंड्यांच्या उतारावर चालतात. एखाद्याचा पुढचा पाय गुडघ्याखाली मोडला तर डॉक्टर पोचेपर्यंत काय करायचं? गाडी दस्तुरी नाक्यालाच थांबते, पुढे वाहनांना बंदी आहे. तिथपर्यंत घोडा चालवत न्यायचा का?

उत्तर: पाय बांधल्याशिवाय एक पाऊलसुद्धा नको. गुडघ्याखाली घोड्याला मांसच नाही. हाड, दोऱ्यांसारखे स्नायुबंध आणि वर कातडी, एवढंच. मोडलेल्या हाडाचं टोक दोन-चार पावलांत कातडी फाडून बाहेर येतं. कातडी शाबूत असलेली आणि फाटलेली केस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढची शस्त्रक्रिया यशस्वी होणार की नाही, हे बऱ्याचदा या पहिल्या तासातच ठरतं.

मोतद्दाराने (घोडा सांभाळणाऱ्याने) डोक्याशी उभं राहावं, तोंडासमोर थोडं गवत धरावं. घोड्याला आडवा पाडू नये. मोड कुठे आहे त्यावर बांधणी ठरते.

खुराच्या वरचा सांधा (आपण फेटलॉक म्हणतो तो), त्याखालची हाडं किंवा नळीचं (गुडघ्यापासून फेटलॉकपर्यंतच्या लांब हाडाचं) अगदी खालचं टोक मोडलं असेल, तर पाय उचलून खूर टोकावर उभा करा, म्हणजे बाजूने बघितल्यास नळीपासून खुरापर्यंतच्या हाडांच्या पुढच्या कडा एका सरळ रेषेत येतात. कापसाचा पातळ थर द्या आणि पुढच्या बाजूने खुराच्या टोकापासून गुडघ्याच्या जरा खालपर्यंत फळी बांधा. फळी ५ सेंमी रुंद आणि २ सेंमी जाड असावी. जाड पीव्हीसी पाइप उभा चिरून काढलेली पट्टीही चालते. इथे कापूस जास्त गुंडाळलात तर फळी सैल पडते.

नळी मधोमध मोडली असेल तर उलट, कापूस भरपूर लागतो. खुरापासून थेट कोपरापर्यंत एकेक थर गुंडाळायचा, प्रत्येक थर २ ते २.५ सेंमीच्या आत, आणि प्रत्येक थरावर गॉजपट्टी ताणून घट्ट करायची. सगळा कापूस आधी गुंडाळून वरून एकदाच आवळला तर आतला कापूस दबतो आणि दहा मिनिटांत सगळं ढिलं होतं. पाय मूळच्या तिप्पट जाड दिसेपर्यंत थर द्यावे लागतात. कापसाचे ६-८ मोठे रोल सहज संपतात. त्यावर दोन फळ्या, एक मागून आणि एक बाहेरच्या अंगाने, जमिनीपासून कोपरापर्यंत, न ताणणाऱ्या चिकटपट्टीने पक्क्या करायच्या. फळीचं वरचं टोक मोडलेल्या जागेपाशी संपता कामा नये. तसं झालं तर फळी आधार द्यायचं सोडून तरफेसारखी मोडलेल्या जागीच जोर लावते, आणि असा बांधलेला पाय न बांधलेल्यापेक्षा वाईट.

गुडघ्याच्या वरचं हाड मोडलं असेल तर बाहेरची फळी खांद्यावरून थेट मानेच्या बुडापर्यंत, म्हणजे आयाळ जिथे संपते त्या उंचवट्यापर्यंत न्यावी. त्या भागात स्नायू सगळे बाहेरच्या अंगाला आहेत. ते आवळले की पाय बाहेर फेकला जातो आणि हाडाचं टोक आतल्या बाजूच्या पातळ कातडीतून बाहेर येतं.

जखम उघडी असेल तर आधी सलाइनने धुवा. १ लिटर सलाइनमध्ये १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन १० मिली, एवढं पातळ पुरतं. हळद, चुना, डिझेल यातलं काही नको. डॉक्टर आले की फिनाइलब्युटाझोन (४.४ मिग्रॅ प्रतिकिलो, फक्त शिरेत; शिरेबाहेर गेलं तर तिथलं मांस सडतं), धनुर्वाताची लस आणि उघड्या जखमेला लगेच प्रतिजैविक देतील. गुंगीचं औषध थोडंच द्यायला सांगा. झोकांड्या खाणारा घोडा मोडका पाय टेकतो.

राहिला दस्तुरीचा प्रश्न. पक्का बांधलेला घोडा थोडं अंतर थांबत थांबत चालू शकतो. तो उतार मात्र त्याच्याकडून होणार नाही. आणीबाणीत गाडी वर आणायची परवानगी कोणाकडून आणि कशी मिळते, हे अपघाताच्या दिवशी नव्हे, आजच विचारून ठेवा. गाडीत चढवताना पुढचा पाय मोडलेल्या घोड्याचं तोंड मागच्या दाराकडे हवं, म्हणजे ब्रेक लागला की भार मागच्या पायांवर जातो. मागचा पाय मोडला असेल तर तोंड ड्रायव्हरकडे. डोकं आखूड बांधू नका. तोल सांभाळायला त्याला मान हलवावी लागते. छातीला आणि ढुंगणाला आडवे दांडे लावून गवताच्या गाठींचा टेका द्या.

प्रश्न (बारामती): आमच्या सहा वर्षांच्या मारवाडी घोडीची (अंदाजे ३८० किलो) पुढची नळी मोडली होती, जखम उघडी होती. दोन प्लेटा बसवल्या. दहा आठवडे झाले. एक्स-रेत मागच्या बाजूला फट दिसते, एक स्क्रू सैल आहे आणि थोडा पू येतो. डॉक्टर म्हणतात, खुब्याचं हाड काढून तिथे भरावं लागेल. बाजारात हाडाचे दाणे मिळतात, ते का नकोत? खुबा अधू होणार नाही का?

उत्तर: भरण्याआधी स्क्रूचं बघायला सांगा. ग्राफ्ट म्हणजे दुसरीकडून आणून भरलेलं हाड. ते पाय पेलत नाही. पेलतात त्या प्लेटा. मोडीच्या फटीत होणारी हालचाल किती चालते याचं गणित फार कडक आहे. फट भरणारं सुरुवातीचं मऊ मांस दुप्पट ताणलं गेलं तरी टिकतं, कूर्चा साधारण १० टक्के ताण सोसते आणि हाड फक्त २ टक्के. म्हणजे १ मिमीच्या फटीत ०.०२ मिमीहून जास्त हालचाल झाली तरी तिथे हाड तयार होऊ शकत नाही. सैल स्क्रूजवळ प्रत्येक पावलागणिक याच्या कितीतरी पट हालचाल होते. अशा जागी कितीही ग्राफ्ट भरा, महिन्याभरात तो विरघळलेला दिसेल. म्हणून सैल स्क्रू बदलणं (४.५ मिमीचा असेल तर ५.५ मिमीचा घालता येतो) किंवा गरज असेल तर प्लेट बदलणं ही पहिली पायरी.

पू पाहून मात्र घाबरून प्लेटा काढून टाकू नका. संसर्ग असतानाही घट्ट धरलेलं हाड जुळतं. सैल हाड संसर्ग नसतानाही जुळत नाही. प्लेटा पुढे, हाड जुळल्यावर काढायच्या, आणि त्याही एकदम नाहीत: आधी एक, मग काही आठवड्यांनी दुसरी. तोवर हाडाला भार घ्यायची सवय होते.

फट नेमकी मागेच का राहिली? प्लेटा बहुधा पुढच्या आणि बाजूच्या अंगाला असतात. त्यांच्या समोरच्या बाजूला हाडाचा तुकडा कमी पडला असेल तर घोडी टेकली की प्लेट तिथे किंचित वाकते, उचलला की सरळ होते. हजारो पावलांनी पोलाद थकतं आणि प्लेट मोडते. त्या फटीत लवकर हाड आणणं हे ग्राफ्टचं खरं काम, आणि डॉक्टर आत्ताच सांगताहेत म्हणजे वेळेवर सांगताहेत.

आता खुबाच का, हे बघू. घोडीच्या स्वतःच्या स्पंजासारख्या हाडात तीन गोष्टी एकदम मिळतात: हाड तयार करणाऱ्या जिवंत पेशी, आजूबाजूच्या पेशींना हाड बनवायला लावणारी प्रथिनं, आणि नव्या रक्तवाहिन्यांना आत शिरायला जाळी. बाजारातल्या ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या दाण्यांत फक्त जाळी मिळते. वर तुमच्याकडे पू आहे. रक्त नसलेला कोणताही परका दाणा तिथे जंतूंना घरच होतो. स्वतःच्या हाडात लवकर रक्त खेळतं, म्हणून संसर्ग झालेल्या जागेतही तेच बरं. दुसऱ्या घोड्याचं प्रक्रिया केलेलं हाड वापरतात, पण त्यात जिवंत पेशी नसतात.

घोडीला भूल देऊन एका कुशीवर निजवतात. वरच्या अंगाला आलेल्या खुब्याच्या टोकावर, पाठीमागे डावी-उजवीकडे जे हाड बाहेर दिसतं तिथे, ५ ते ८ सेंमीचा छेद घेतात, हाडाच्या कडक सालीला १ ते १.५ सेंमीची खिडकी पाडतात आणि क्युरेट नावाच्या चमच्याने आतला लालसर, ओलसर चुरा खरवडतात. टोक कापलेल्या सिरिंजमध्ये भरत गेलं की किती निघाला ते मोजता येतं. मोठ्या घोड्याच्या खुब्यातून २० ते ४० मिली मिळतो. घोडा पाठीवर निजवला असेल तर छातीच्या मधल्या हाडातूनही घेतात.

डॉक्टरांना चार गोष्टी आवर्जून विचारा. खुब्यासाठी वेगळी हत्यारं आणि वेगळे हातमोजे आहेत ना? नसतील तर पायाचा पू खुब्यात जातो आणि एकाच्या दोन जखमा होतात. चुरा रक्तात भिजवलेल्या गॉजमध्ये झाकून ठेवणार ना? उघड्यावर दिव्याखाली तो सुकतो आणि सलाइनमध्ये बुडवला तर पेशी धुऊन जातात. त्यावर प्रतिजैविकाची पूड टाकणार नाहीत ना? जास्त तीव्रतेचं औषध पेशी मारतं. चौथी गोष्ट क्रमाची: मेलेलं हाड आणि घट्ट पांढरं मांस रक्त येईपर्यंत खरवडून झालं, स्क्रू घट्ट झाले, धुऊन झालं, आणि मग अगदी शेवटी चुरा भरला, असंच व्हायला हवं. चुरा ठासून भरायचा नाही. रक्तवाहिन्यांना वाट लागते. पू फार असेल तर आधी प्रतिजैविकाचे मणी ठेवून जखम स्वच्छ करतात आणि ग्राफ्ट पुढच्या वेळी. हे दोन टप्पे पैसे उकळण्यासाठी नसतात.

खुबा अधू होत नाही. त्या टोकावरून शरीराचा भार जात नाही. तिथे पाणी साठून सूज येणं किंवा टाके उसवणं होऊ शकतं. दोन आठवडे तो भाग भिंतीला घासू देऊ नका. काही शल्यचिकित्सक मागच्या पायाच्या वरच्या नडगीतून चुरा घेतात. तिथे चुरा चांगला मिळतो, पण ते भार पेलणारं हाड आहे, आणि भुलीतून धडपडत उठताना भोकापाशीच चिरल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. ३८० किलोच्या घोडीत खुबा उपलब्ध असताना तिकडे जायचं कारण दिसत नाही.

तीन-चार आठवड्यांनी एक्स-रेत फटीवर धुकं आल्यासारखी पांढुरकी छटा दिसू लागते. आठ आठवड्यांच्या सुमारास ती घट्ट व्हावी. छटा आलीच नाही किंवा आलेली पुसट झाली, तर कुठेतरी पुन्हा हालचाल आहे असं समजा.

प्रश्न (सारंगखेडा): यात्रेत दुसऱ्या घोड्याने आमच्या घोडीच्या नळीवर लाथ मारली. जखम भरते आणि पुन्हा फुटते. दोन महिने झाले, तीन वेळा इंजेक्शनांचे कोर्स झाले. लंगडत नाही.

उत्तर: आत मेलेल्या हाडाची खपली असण्याची शक्यता मोठी आहे. नळीच्या बाहेरच्या थराला रक्त हाडावरच्या पातळ आवरणातून मिळतं. लाथेने आवरण सोलवटलं की तो थर मरतो आणि शरीर त्याला परका समजून बाहेर ढकलायला बघतं. मेलेल्या हाडात रक्त नाही, म्हणून औषधही पोचत नाही. चौथा कोर्स करू नका. चार बाजूंनी एक्स-रे काढा. एकाच बाजूने काढला तर खपली नळीच्या सावलीत लपते. लाथ बसल्यावर लगेच काढलेल्या एक्स-रेत ती दिसत नाही, तीन-चार आठवडे जावे लागतात, पण तुमचे तर दोन महिने झालेत. बऱ्याच घोड्यांत गुंगी देऊन, लिग्नोकेनने पाय बधिर करून, उभ्या उभ्याच खपली काढता येते. ग्राफ्ट लागत नाही. नळीच्या दोन्ही अंगांना जी बारीक हाडं असतात त्यांचाही एक्स-रे बघायला सांगा. लाथेने तीही मोडतात.

लाथ नळीऐवजी गुडघ्याच्या वर किंवा मागच्या पायाच्या नडगीवर, आतल्या अंगाला बसली असती तर उत्तर वेगळं असतं. तिथे हाड थेट कातडीखाली असतं. केसाएवढी चीर पडली तरी घोडा जवळजवळ नीट चालतो, पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत काही दिसत नाही, आणि चार दिवसांनी बसून उठताना तेच हाड फुटून चक्काचूर होतं. अशी जखम झाली तर घोड्याला दोन्ही बाजूंनी बांधून उभाच ठेवा, बसू देऊ नका, आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढा. मोडीच्या कडा तोवर थोड्या विरघळतात आणि चीर दिसू लागते. चीर निघाली तर चार ते सहा आठवडे असंच उभं ठेवावं लागतं.

प्रश्न (कोल्हापूर): हाड लवकर जुळावं म्हणून कांडवेलीचा लेप, डाग देणं आणि रोज दोन किलो गव्हाचा कोंडा, असं आमच्याकडचे जुने लोक सांगतात. यातलं काय करावं?

उत्तर: कांडवेलीचा लेप शाबूत कातडीवर लावलात तर फार बिघडत नाही. बिघडतं ते त्यावर कामट्या आवळल्याने. गुडघ्याखाली मऊ गादी नाही, पाय सुजला की कामटीखालची कातडी मरते आणि बंद मोड उघडी होते. डाग अजिबात नको. भाजलेल्या कातडीतून पुढे शस्त्रक्रियेचा छेद घेता येत नाही.

कोंड्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तो हाडासाठी चांगला असा समज घट्ट आहे. ४०० किलोच्या घोड्याला रोज साधारण १६ ग्रॅम कॅल्शियम आणि ११ ग्रॅम फॉस्फरस लागतं. दोन किलो कोंड्यात कॅल्शियम जेमतेम ३ ग्रॅम आणि फॉस्फरस २० ग्रॅमच्या वर. फॉस्फरस असा वरचढ झाला की शरीर रक्तातलं कॅल्शियम सांभाळायला स्वतःच्या हाडातून ते काढतं. हे महिनोन्‌महिने चाललं तर चेहऱ्याची हाडं फुगतात आणि पायाची पोकळ होतात. हत्तीगवत, संकरित नेपियर यांत ऑक्झलेट जास्त असतं, ते उरलंसुरलं कॅल्शियमही अडवतं. कोंडा अर्ध्या किलोच्या आत ठेवा, रोज ४-५ किलो हिरवं लसूणघास द्या आणि चंदीत (दाण्यात) ३० ग्रॅम चुनखडीची खाण्याची भुकटी मिसळा (त्यातून ११ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं). त्याहून जास्त कॅल्शियम दिल्याने हाड लवकर जुळत नाही. उभ्या घोड्याची एकूण चंदी मात्र पहिल्याच दिवशी निम्म्याहून कमी करा. पोटशूळ आणि स्नायू आखडणं दोन्ही टळतं.

प्रश्न (पुणे): अमेरिकेतल्या बार्बारो या शर्यतीच्या घोड्यावर उपचार करायला जगातले उत्तम सर्जन होते, तरी तो वाचला नाही. मग एवढा खर्च कशासाठी?

उत्तर: बार्बारोचं हाड हरलं नाही. २० मे २००६ला प्रीकनेस शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी प्लेट आणि २७ स्क्रू घालून तो जोडला, आणि भुलीतून उठताना पाय आपटू नये म्हणून त्याला तराफ्यावर पाण्याच्या टाकीत शुद्धीवर आणलं. (१९७५मध्ये रफियन ही घोडी शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना धडपडली, तिथेच सगळं संपलं होतं.) बार्बारोला जुलैमध्ये मागच्या डाव्या, म्हणजे न मोडलेल्या पायाच्या खुरात लॅमिनायटिस (खुराच्या आतले पापुद्रे सुटण्याचा आजार) झाला. २९ जानेवारी २००७ला त्याला दयामरण द्यावं लागलं.

खुराच्या आतलं हाड खुराच्या भिंतीला नाजूक पापुद्र्यांनी लटकलेलं असतं. त्या पापुद्र्यांत रक्त खेळायला खूर टेकणं आणि उचलणं आलटून पालटून व्हावं लागतं. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून घोडा चांगला पाय दिवसेंदिवस उचलतच नाही आणि पापुद्रे सुटतात. तेव्हा खर्च करायचा तो या दुसऱ्या पायासाठीही. प्लास्टरचा पाय उंच होतो, म्हणून चांगल्या खुराखाली तेवढ्याच जाडीची गादी लावून उंची बरोबर करा. तळव्याला जाड फोमचा आधार, खाली लाकडाच्या भुशाचा खोल बिछाना. मोतद्दाराने रोज सकाळ-संध्याकाळ तीन गोष्टी बघाव्यात: चांगला खूर गरम आहे का, फेटलॉकच्या मागे बाजूला बोट ठेवल्यावर नाडी जोरात उडते का, आणि घोडा पाय बदलतो का. काल पाय बदलत होता आणि आज बदलत नाही, हे दुखणं कमी झाल्याचं लक्षण समजू नका. त्याच दिवशी फोन करा.

खर्चाचा निर्णय मोडीवर ठरवा. शर्यतीच्या घोड्यात नळीच्या खालच्या टोकाला बाहेरच्या अंगाला पडलेली, न सरकलेली चीर दोन-तीन स्क्रूंनी जुळते आणि बरेच घोडे पुन्हा धावतात. मोठ्या घोड्याचं मांडीचं हाड मोडलं किंवा नळीचे अनेक तुकडे होऊन खाली रक्तच पोचत नसेल, तर वेदना लांबवू नयेत, असंच आम्ही सांगतो. घोडा न्यायच्या आधी परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात अथवा रेसकोर्सच्या डॉक्टरांना फोन करून दोन गोष्टी विचारा: मोठ्या जनावराला भूल द्यायची सोय आज आहे का, आणि ४.५ व ५.५ मिमीचे स्क्रू हाताशी आहेत का.

प्रश्न (नाशिक): दोन महिन्यांच्या शिंगराची नळी मोडली. आईपासून वेगळं ठेवायचं का? प्लास्टर किती दिवस?

उत्तर: वेगळं करू नका. दोघांना लहान कप्प्यात ठेवा. आई दिसली नाही की शिंगरू धावतं. शिंगराचं हाड सहा ते आठ आठवड्यांत जुळू शकतं, मोठ्या घोड्याला चार महिने किंवा जास्त लागतात. प्लास्टर १० ते १४ दिवसांनी बदलावंच लागतं कारण पाय वाढतो आणि आत कातडी सोलते. वास आला, एकाच जागी माश्या बसू लागल्या, बाहेरून गरम लागलं किंवा टेकणारं शिंगरू अचानक टेकेना झालं, तर तारखेची वाट न पाहता उघडा. प्लास्टर निघाल्यावर फेटलॉक खाली लोंबलेला दिसेल. सैल पडलेले स्नायुबंध कडक जमिनीवर थोडं थोडं चालवल्यावर काही आठवड्यांत आवळतात. दुसरा पाय गुडघ्यापाशी वाकू लागला आहे का, ते दर आठवड्याला समोरून फोटो काढून ताडून बघा.